कोपर्निकस मार्गावरचं माप

दिल्लीतलं जुनं महाराष्ट्र सदन कोपर्निकस मार्गावर आहे. हे कुणी मुद्दाम केलं असेल असं वाटत नाही. पण ज्याने पृथ्वीला सूर्याभोवती पळायला लावलं, त्याच्या नावाच्या रस्त्यावर उतरायला निघालेला मराठी पाहुणा आधी मंडी हाउसच्या गोल चक्करला अडकतो, यात काहीतरी योजना दिसते. ग्रह सूर्याच्या जितका जवळ तितका जोरात पळतो, असं केपलर सांगून गेला. मंडी हाउसला नेमकं उलट. जो आतल्या कडेला चिकटला तो संपला.

साताऱ्याकडचे एक काका माझ्याबरोबर ऑटोत होते. भूमी अभिलेखमधून निवृत्त झालेले मोजणीदार. ऑटो हलायला तयार नाही, तेव्हा मी म्हटलं, "काका, आपण थांबलोयत कुठे? पृथ्वी सेकंदाला २९.७८ किलोमीटर पळतेय. मुंबई-दिल्ली राजधानीला रात्रभर लागते, तेवढं अंतर ही पाऊण मिनिटात संपवते."

काकांवर ढिम्म परिणाम झाला नाही. जन्मभर ३३ फुटांच्या साखळीने ज्यांनी बांधावरची भांडणं मिटवली, त्यांना सेकंदाला तीस किलोमीटर म्हणजे दुसऱ्या तालुक्यातली भानगड. "मापात सांग," म्हणाले.

मग मापात आणलं. किलोमीटरचे मिलिमीटर करायला दहा लाखांनी गुणायचं आणि सेकंदाचे मायक्रोसेकंद करायलाही दहा लाखांनीच. दोन्ही दहा लाख एकमेकांना खाऊन टाकतात, आकडा जागचा हलत नाही. सेकंदाला २९.७८ किलोमीटर म्हणजे मायक्रोसेकंदाला २९.७८ मिलिमीटर. काकांनी हवेत बोटं जोडून अंदाज घेतला. "दीड अंगुळ. हां, हे आवाक्यातलं."

रात्री नोएडाला घरी आल्यावर त्यांनी लेकीच्या कंपासपेटीतली पट्टीच मागून घेतली. अख्खं सूर्याचं खटलं तिच्या पहिल्या पाच सेंटिमीटरांत मावलं. बुध ४७ मिलिमीटरांवर, शुक्र ३५, आपण तीसला जरा कमी, मंगळ २४, गुरू १३. शनी एक सेंटिमीटरही गाठत नाही आणि नेपच्यून साडेपाचच्या आतच. आपला चंद्र पृथ्वीभोवती फिरतो तो जेमतेम एक मिलिमीटर. साडेसाती एवढी का लांबते ते काकांना तिथेच कळलं.

भास्कराचार्यांच्या 'सिद्धान्तशिरोमणी'त मात्र असा दुजाभाव नाही. तिथे सगळे ग्रह रोज सारखंच अंतर चालतात, ११,८५८ योजनं आणि वर पाऊण. शनी मंद दिसतो तो त्याची वाट लांबची म्हणून, आळशी म्हणून नव्हे. मला ही समता फार आवडते. हिशेबात ती टिकत नाही, त्याला इलाज नाही. ते पाऊण योजनसुद्धा न सोडणारा माणूस काकांना मात्र एकदम आपल्या खात्यातला वाटला.

काकांचा उत्साह बघून मी पुसाजवळच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेचं सांगितलं. देशाची वेळ तिथली सीझियमची घड्याळं राखतात. मायक्रोसेकंद म्हणजे त्यांच्या लेखी ढिसाळपणा, त्यांचा व्यवहार नॅनोसेकंदांत. तेवढ्यात पृथ्वी सरकते ३० मायक्रॉन, केसाच्या जाडीहूनही कमी. हे मात्र काकांनी साफ नामंजूर केलं. केसावरून हद्द कायम करायला गेलं तर गावात खून पडतील, म्हणाले.

काका परत निघाले जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात. दिल्लीत धुक्याने हाताला हात दिसत नाही, गाड्या खोळंबतात, विमानं उतरत नाहीत, आणि नेमक्या याच दिवसांत पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असल्यामुळे वर्षातल्या सर्वाधिक वेगाने धावत असते. जानेवारीत मायक्रोसेकंदाला ३०.२९ मिलिमीटर, जुलैत २९.२९. फरक एका मिलिमीटरचा, म्हणजे चंद्राची सगळी मिळकत.

गाडी नऊ तास उशिराने येणार होती. तेवढ्यात पृथ्वी पावणेदहा लाखांहून अधिक किलोमीटर जाणार, म्हणजे चंद्रापर्यंत जाऊन, परत येऊन पुन्हा अर्ध्या वाटेवर. मी हे सांगितलं. काकांनी मफलर आवळला.

"आणि आपली गाडी? मिलिमीटरात?"

"सध्या शून्य."

"किलोमीटरात?"

"तेही शून्यच."

"मग मोजणी जुळली," काका म्हणाले, आणि चहावाल्याला हाक मारायला उठले.