आधी तपासा, मग पुन्हा तपासा

वारजे माळवाडीतल्या कोणत्याही सोसायटीत रात्री डोकावा. हिंजवडीहून चांदणी चौकामार्गे घरी पोचलेला एक तरी तरुण लॅपटॉप उघडून बसलेला असतोच. तो काम करत असेल असा गैरसमज नको. काम काय, कोणीही करतं. आपल्या एडिटरमध्ये ते काम करायची सोय आहे का, हे तो तपासतोय.

या विद्येचं एक मोठं पीठ म्हणजे ब्राम मोलेनार यांनी १९९१ साली आणलेला व्हिम हा एडिटर. त्याला आवृत्ती विचारली की सुविधांची लांबलचक यादी समोर येते आणि प्रत्येक नावामागे अधिक किंवा उणे असतं. क्लिपबोर्डमागे उणे दिसलं की पुढचे दोन तास सत्कारणी लागले. प्रोग्राममधून विचारायचं तर ‘हॅज’ नावाचं फंक्शन आहे. सुविधा नसेल तर ते शून्य म्हणतं, नावाचं स्पेलिंग चुकलं तरी शून्यच म्हणतं. अशी समदृष्टी साधुसंतांनाही साधली नसेल. म्हणून पुढे त्याला आणखी एक आकडा देण्याची सोय झाली: आपण विचारतो ते मुळात असू शकतं का, हेही आता तपासता येतं.

कळस गाठला तो उबंटूसोबत येणाऱ्या छोट्या व्हिमने. त्यात ‘इव्हॅल’ ही सुविधा नसते, त्यामुळे ‘इफ’ आणि ‘एंडइफ’ यांच्यामधलं सगळं तो न वाचताच सोडून देतो. म्हणजे सुविधा आहे का, हे विचारण्याचीच सुविधा नाही. चौकशीची खिडकी बंद, कारण आतल्या खिडकीवर विचारावे.

ईमॅक्स हा दुसरा एडिटर अधिक उदार आहे. फाइलने ‘प्रोव्हाइड’ एवढं म्हटलं की सुविधा हजर, फाइलीत दुसरं अक्षर नसलं तरी चालतं. उलट अख्खं पॅकेज डिस्कवर तयार आहे, पण अजून लोड झालेलं नाही, तर उत्तर नकारार्थी. निओव्हिमने ‘चेकहेल्थ’ ही आज्ञा देऊन एडिटरच्या प्रकृतीची चौकशीही सुरू केली. २०१६ साली मायक्रोसॉफ्टने लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल आणला, तेव्हापासून एडिटर आणि त्याला भाषेची जाण पुरवणारा सर्व्हर भेटल्याबरोबर एकमेकांना आपापल्या क्षमता सांगतात. काही सर्व्हर उरलेल्या क्षमता मागाहून जाहीर करतात, तेव्हा तपासणी तिथेही संपत नाही.

काही उतावळे लोक सुविधा सरळ वापरून बघतात आणि चूक आली तर ‘ट्राय-कॅच’मध्ये पकडतात. चार-पाच ओळींत त्यांचं भागतं. या पद्धतीत मोठा धोका आहे: काम होऊन जातं.

म्हणून वारज्यातल्या समस्त आईवडिलांना विनंती, मुलगा मध्यरात्री स्क्रीनसमोर दिसला तर ‘झालं का रे काम?’ असं विचारू नका. आधी त्याच्याकडे उत्तर देण्याची सुविधा आहे का, ते तपासून घ्या.