मार्केटभाऊ

चिखली तालुक्यातल्या आमच्या उंद्रीत सकाळी उठल्याबरोबर मोबाइलवर भाव पाहणारे दोन पक्ष आहेत. एका पक्षात सगळे सोयाबीनवाले, दुसऱ्यात एकटा मार्केटभाऊ. त्याला भाव लागतो तो प्रोग्रामिंगच्या भाषांचा. "पायथॉन तेजीत, जावा स्थिर, पीएचपी उठलं समजा," हे बातमीपत्र तो चहाच्या टपरीवर कोणी न विचारता वाचून दाखवतो.

त्याच्या लॅपटॉपचं झाकण नीट पाहावं. रिअ‍ॅक्टच्या स्टिकरखालून अँग्युलरचं लाल टोक डोकावतं. अँग्युलरजेएस शिकून होत आलं, तोच २०१६ साली त्याची मुळापासून नवी आवृत्ती आली. मग रिअ‍ॅक्ट. २०२१ मध्ये ब्लॉकचेन. २०२२ च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी आलं आणि आठवड्याभरात भाऊ 'एआय एक्स्पर्ट' झाला. कोर्स सगळे घेतले, पूर्ण एकही नाही. पूर्ण होईस्तोवर भाव उतरतो ना!

त्याचे वडील जुने शेतकरी. २०२१ च्या पावसाळ्यात सोयाबीन क्विंटलला दहा हजारांच्या घरात गेलं आणि माल घरात येईस्तोवर निम्म्यावर आलं, हे ते विसरलेले नाहीत. "लेका, भाव पाहून पेरलं त काढेपर्यंत भाव राह्यते काय?"

"बाबा, वावराचं वेगळं, आयटीचं वेगळं."

भाऊचं अगदीच चुकतं असं नाही. पुण्याच्या कंपन्या जाहिरातीत नावं नव्या तंत्राचीच छापतात. मुलाखतीत मात्र विचारतात, "दोन टेबलं जोडून दाखवा." तिथे भाऊला घाम फुटतो, कारण डेटाबेस कधी ट्रेंडमध्ये आलाच नाही.

मध्यंतरी कृषी केंद्रवाल्या काकांनी त्याला उधारीच्या हिशेबाचा प्रोग्राम मागितला. भाऊने आधी रिअ‍ॅक्ट घेतलं, मग फ्लटर, मग म्हणाला, "काका, थांबा, आता एआय एजंटच बसवू." खरीप गेला, रब्बी गेला. शेवटी त्याच्याच वर्गातल्या एका पोरीने पीएचपी आणि मायएसक्यूएलमध्ये काम उरकलं. दोन्हींचा जन्म १९९५ चा.

भाऊ पाहायला गेला, नाक मुरडलं. "काका, हे लय जुनं झालं. मार्केटमध्ये कोणी विचारत नाही."

काकांनी चष्मा सावरला, एका बोटाने भाऊचं आडनाव टाइप केलं, एंटर दाबलं. गेल्या खरिपातल्या बियाण्याच्या बॅगा तारखेसकट पडद्यावर आल्या.

"उधारीबी जुनीच हाय बाप्पा," काका म्हणाले, "पण निघाली न!"