ऑस्करचं भाकीत : जालना पद्धती

ऑस्करचा सोहळा लॉस एंजेलिसमध्ये रविवारी संध्याकाळी होत असला, तरी जालन्यात त्याचा निकाल सोमवारी सकाळी लागतो. 2025 साली तो आपल्याकडे पहाटे साडेपाचला सुरू झाला, 2024 साली साडेचारलाच. तिकडं मार्चमध्ये घड्याळं तासाभरानं पुढं सरकवतात, त्याचा हा फरक. म्हणून नवशिक्यानं आपलं भाकीत रविवारी रात्री, टपरीचं शटर पडायच्या आत, चार जणांदेखत आणि मोठ्या आवाजात सांगून मोकळं व्हावं. सोमवारी दात घासून आल्यावर "मी तर आधीच म्हणलो होतो" असं सांगणाऱ्याला गांधी चमनच्या आसपास भाकीतकार म्हणत नाहीत, पुढारी म्हणतात.

आता पात्रता. सिनेमे पाहिलेले असणं ही पात्रता नव्हे, अडचण आहे. नामांकनं मिळालेले बहुतेक सिनेमे जालन्याच्या थेटरात येत नाहीत. फार तर साठेक किलोमीटरवर संभाजीनगरला एखादा लागतो, तोही रात्रीच्या शेवटच्या खेळाला. ज्यानं तेवढी पायपीट करून सिनेमा पाहिला, तो हळवा होतो. त्याला जो आवडला तोच जिंकेल असं वाटू लागतं आणि तिथंच माणूस कामातून जातो. न पाहिलेल्याचं डोकं थंड असतं.

ही काही जालन्याची आडमुठी समजूत नाही. बहुतेक विभागांतल्या अंतिम फेरीत मत देण्याआधी नामांकित सिनेमे सगळे पाहिलेच पाहिजेत, असा नियम अकॅडमीनं 2025 च्या एप्रिलमध्ये जाहीर केला. तोवर 97 सोहळे उरकले होते. म्हणजे मतदार आणि भाकीतकार इतकी वर्षं एकाच सतरंजीवर बसलेले होते. आता मतदारांना सिनेमे बघावे लागणार, त्यामुळे पुढचे अंदाज बिघडण्याची शक्यता आहे, हे नम्रपणे नमूद करून ठेवतो.

थोडा इतिहास पाठ असू द्यावा, वाद अंगाशी आला की उपयोगी पडतो. 16 मे 1929 च्या पहिल्या सोहळ्यात कुणाचंही भाकीत चुकलं नाही, कारण विजेत्यांची नावं तीन महिने आधीच जाहीर झाली होती. पुढं वर्तमानपत्रांना यादी आगाऊ देऊ लागले, रात्री अकरापर्यंत छापायची नाही या बोलीवर. 1940 साली लॉस एंजेलिस टाइम्सनं ती संध्याकाळच्याच अंकात छापून टाकली. मग 1941 पासून मोहोरबंद पाकिटं आली. आपला धंदा खरा तेव्हापासूनचा.

आता मूळ पद्धत. जालना हे बियाण्यांचं गाव. बद्रीनारायण बारवाले यांनी 1964 साली महिको इथंच सुरू केली. त्यामुळं इथल्या माणसाला कशाचंही भविष्य विचारा, तो आधी उगवण किती ते विचारतो. सोयाबीन पेरण्याआधी ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळींत शंभर दाणे मांडतात, वरून दुसरं ओलं गोणपाट टाकून गुंडाळी करतात, सावलीत ठेवून रोज पाणी शिंपडतात आणि पाच-सहा दिवसांनी उघडून मोड मोजतात. सत्तर निघाले तर बियाणं पेरायला हरकत नाही. ऑस्करचं गोणपाट जानेवारीत अंथरलं जातं. गोल्डन ग्लोब ही पहिली ओळ, मग नटांच्या संघटनेचे पुरस्कार, दिग्दर्शकांच्या संघटनेचे, ब्रिटनचा बाफ्टा. यातली दिग्दर्शकांची ओळ सर्वांत भरवशाची. तिथं जिंकलेला दिग्दर्शक ऑस्करला रिकाम्या हातानं परतला, असं 1948 पासून मोजक्याच वेळा घडलं आहे. ग्लोबची ओळ मात्र हातात घेऊन नुसती चोळून बघावी.

कुठल्या ओळीत कोण उगवलं ते वहीत लिहावं. वही अडत दुकानातली, लाल कापडी बांधणीची असावी. मोबाइलमध्ये लिहिलेल्या भाकितावर कुणी विश्वास ठेवत नाही, ते सोमवारी बदलता येतं.

या पद्धतीची परीक्षा 2025 साली झाली. 'द सबस्टन्स'साठी डेमी मूर हिनं गोल्डन ग्लोब घेतला, नटांच्या संघटनेचा पुरस्कारही घेतला. सगळ्या वह्यांत तिचंच नाव. एक बाफ्टा तेवढा 'अनोरा'च्या मायकी मॅडिसनकडं गेला होता. ऑस्कर मायकी मॅडिसनला मिळालं. टपरीवर शांतता पसरली आणि सगळे बियाणं कंपनीच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झालेल्या काकांकडं पाहू लागले. काकांनी बशीतला चहा संपवला, बशी उलटी ठेवली आणि म्हणाले, "सत्तर टक्के म्हणजे तीस दाणे उगवतच नाहीत, भाऊ. ही त्या तिसातली." नवशिक्यानं हे वाक्य जसंच्या तसं घोकून ठेवावं. भाकीत बरोबर आलं तर पद्धत शास्त्रीय ठरते आणि चुकलं तर अधिकच शास्त्रीय.

काही जण शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या भेंडवळच्या घटमांडणीचा आधार घ्यावा म्हणतात. पाऊस, पीक, देशाचा राजा, सगळं तिथं कळतं, मग एक सिनेमा काय अवघड आहे? अडचण श्रद्धेची नाही, तिथीची आहे. घट अक्षय्य तृतीयेला मांडतात आणि तोवर ऑस्कर वाटून झालेलं असतं.

सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं गणित मात्र वेगळं आणि इथं मराठवाड्याचा माणूस हॉलिवूडच्या भल्याभल्यांना शिकवू शकतो. बाकीच्या विभागांत ज्याला जास्त मतं तो जिंकला. या एका विभागात 2010 च्या सोहळ्यापासून मतदारानं सिनेमांना पसंतीक्रम द्यायचा असतो. पहिल्या पसंतीत कुणाला निम्म्याहून जास्त मतं पडली नाहीत, की तळाचा सिनेमा बाद, त्याची मतं पुढच्या पसंतीला वळती, पुन्हा मोजणी, पुन्हा तळाचा बाद. हे ऐकून अमेरिकेतले जाणकार डोकं धरतात म्हणे. आपण औरंगाबाद पदवीधर मतदारसंघाची मोजणी रात्र-रात्र जागून पाहिलेली माणसं आहोत. दुसऱ्या पसंतीच्या मतांवर कोण तरतं आणि कोण बुडतं, हे आपल्याला कुणी सांगायला नको. जो उमेदवार कुणाचाच फार लाडका नाही, पण ज्याच्यावर कुणाचा रागही नाही, तो फेरीमागून फेरी वर येतो. 2019 साली जाणकार 'रोमा'वर बसले होते, पुरस्कार 'ग्रीन बुक'नं नेला. तेव्हा दहा नामांकनांतला कुठला सिनेमा चांगला, हे विचारू नये. कुठल्या सिनेमावर टपरीवर भांडण होत नाही, तेवढं पाहावं.

भारतीय सिनेमा रिंगणात असेल तर प्रकरण नाजूक होतं. परभाषिक चित्रपटाच्या विभागात भारताचे तीनच सिनेमे नामांकनापर्यंत पोचले: 'मदर इंडिया', 'सलाम बॉम्बे' आणि 2002 साली आशुतोष गोवारीकरांचा 'लगान'. जिंकला एकही नाही. 'मदर इंडिया' एका मतानं हुकला, असं पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. अकॅडमी मतांचे आकडे कधीच जाहीर करत नाही, पण ते एक मत कुणाचं होतं हेसुद्धा सांगणारे लोक सदर बाजारात भेटतात. मराठीतून 'श्वास', 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' आणि 'कोर्ट' भारतातर्फे गेले. 'श्वास'साठी तर 2004 साली महाराष्ट्रानं वर्गणी काढली. अंतिम पाचांत तिघांपैकी कुणाचंही नाव लागलं नाही. शास्त्र असं सांगतं, की या विभागात 'नाही' म्हणणारा आजवर एकदाही हरलेला नाही. व्यवहार असा सांगतो, की 'नाही' म्हणणाऱ्याला पुढचा कप मिळत नाही. म्हणून तोंडानं "आपलंच येतंय" म्हणावं आणि वहीत 'नाही' लिहावं. जिल्ह्यातल्या अनेक निवडणुका याच तत्त्वावर पार पडल्या आहेत.

इतर विभागांत धाडस करायला जागा आहे. 2023 ची रंगपंचमी नेमकी रविवारी आली होती. सोमवारी सकाळी कानामागचा रंग घासत असतानाच 'नाटू नाटू'ची बातमी आली, आणि आदल्या दिवशी रंगाच्या भरात जे काय बरळले होते ते सगळे द्रष्टे ठरले. कोल्हापूरच्या भानू अथैय्यांना 'गांधी'च्या वेशभूषेसाठी 1983 साली ऑस्कर मिळालं, ते भारताचं पहिलं. जालना जिल्हा तेव्हा दोन वर्षांचाही झाला नव्हता, त्यामुळं त्याचं स्थानिक भाकीत उपलब्ध नाही.

ज्यांना ऑस्कर झेपत नाही त्यांनी राष्ट्रीय पुरस्कारांकडं वळावं, अशी सूचना वारंवार येते. ती फसवी आहे. तिथं आधी नामांकनांची यादी लागत नाही, ज्युरी बसते आणि एकदम निकाल येतो. शिवाय 2023 सालच्या सिनेमांचे पुरस्कार 1 ऑगस्ट 2025 ला जाहीर झाले. एवढ्या काळात भाकीतकार सिनेमा विसरतो, भाकीत विसरतो आणि कधीकधी टपरीसुद्धा बदलतो. एकच आडाखा हाती लागला आहे. आचार्य अत्र्यांच्या 'श्यामची आई'ला 1954 साली पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक मिळालं. ऑगस्ट 2025 च्या यादीत सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट पुन्हा 'श्यामची आई', सुजय डहाकेंचा. म्हणजे सुमारे 70 वर्षांचं चक्र दिसतं. पुढच्या खेपेसाठी नातवंडांना आत्ताच सांगून ठेवावं.

पैज पैशांची लावू नये, पोलीस ठाण्यात ऑस्करचे नियम समजावत बसावं लागतं. मृग बहाराची मोसंबी मार्चमध्ये बाजारात असते, ती लावावी, नाही तर सगळ्यांचा चहा. हरलेला कधी सरळ देत नाही. तो 2017 ची आठवण काढतो: 'ला ला लँड'चे लोक मंचावर भाषणं करत होते आणि मग कळलं, की पाकीटच चुकीचं होतं, जिंकला होता 'मूनलाइट'. तेव्हा "थांबा जरा, पाकीट बदलंल" असं म्हणत तो दुपारपर्यंत बिल टाळू शकतो. दुपारनंतर ही सबब चालू देऊ नये.

राहिला प्रश्न बरोबरीचा. 1969 साली सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार कॅथरीन हेपबर्न आणि बार्ब्रा स्ट्रायसँड या दोघींना विभागून मिळाला होता, म्हणजे शक्यता आहेच. अशा वेळी दोन्ही बाजू जिंकल्या असं जाहीर करावं आणि उठावं. मालकानं उधारीच्या वहीत कुणाचं नाव लिहू विचारलं, तर अकॅडमीचं लिहायला सांगावं.