एसएसडी असूनही मंदारंभ : निदान आणि उपचार

‘साहेब, दहा सेकंदांत चालू होईल’ या दुकानदाराच्या शब्दावर ज्यांनी जुन्या संगणकात एसएसडी बसवून घेतली आणि आता बटण दाबून, आंघोळ उरकून, देवाला फूल वाहून आलं तरी ज्यांच्या पडद्यावर पांढरे ठिपके गोल फिरतच असतात, त्यांच्यासाठी हे मार्गदर्शन आहे. ज्यांचा संगणक खरोखरच दहा सेकंदांत चालू होतो त्यांनी कृपया पुढच्या लेखाकडे वळावं. त्यांच्या सुखात आम्हाला रस नाही.

या आजाराला आपण मंदारंभ म्हणू. उपचाराची पहिली पायरी म्हणजे दोषी ठरवणं. तपास नंतर सवडीने करता येतो. घरात बारावीतला मुलगा असेल तर तो आणि त्याचे गेम. मुलगा हॉस्टेलला गेला असेल तर सासऱ्यांचं शेअर बाजाराचं सॉफ्टवेअर. कोणीच हाताशी नसेल तर व्होल्टेज. दोषी पक्का झाला की मनाला शांतता लाभते आणि संगणक आणखी महिनाभर तसाच रेटता येतो.

शांततेपेक्षा वेग ज्यांना प्यारा आहे, त्यांनी आधी घरगुती उपचार उरकून घ्यावेत, नाहीतर चुटपुट लागून राहते. सर्वांत लोकप्रिय उपचार रीफ्रेशचा. डेस्कटॉप दिसताच माउसचं उजवं बटण दाबायचं, रीफ्रेश म्हणायचं, सगळी चिन्हं एकदा पापणी लवल्यागत मिटून उघडतात. मग पुन्हा. मग पुन्हा. तिसऱ्या वेळेला संगणक खरंच हलका झाल्यासारखा वाटतो, कारण एवढ्यात मागचं काम आपोआप संपत आलेलं असतं. रीफ्रेश फक्त चिन्हं नव्याने रंगवतं. पण सवय निरुपद्रवी आहे, चालू द्यावी.

निरुपद्रवी नसलेले उपचार वेगळे. प्रीफेच नावाच्या फोल्डरातलं सगळं पुसून टाका, असं सांगणारे व्हिडिओ उदंड आहेत. विंडोज एक्सपीपासून, म्हणजे 2001 पासून, कोणता प्रोग्राम उघडताना कोणत्या फाइली लागतात याच्या टिपणवह्या विंडोज तिथे ठेवत आलं आहे. त्या जाळल्या की पुढच्या वेळी सगळं नव्याने शिकावं लागतं. एमएसकॉन्फिगमध्ये प्रोसेसरची संख्या चार निवडली की वेग चौपट होतो, हाही असाच एक संप्रदाय. ती खिडकी चाचणीसाठी प्रोसेसर कमी करायला दिलेली आहे. रिकामी ठेवली तर विंडोज असतील तेवढे सगळे वापरतंच. आणि डीफ्रॅगमेंट? एसएसडीत फिरणारी तबकडी नाही, धावणारं डोकं नाही. तिथे फाइलींचे तुकडे शेजारी-शेजारी आणून बसवणं म्हणजे चिपची झीज विकत घेणं. डीफ्रॅगमेंटच्या खिडकीतलं ‘ऑप्टिमाइझ’ एसएसडीला ट्रिम पाठवतं, म्हणजे पुसलेल्या फाइलींच्या जागा मोकळ्या झाल्याचं कळवतं. ते विंडोज स्वतःच वेळापत्रकानुसार करतं. आपण मध्ये पडू नये.

आता निदान. मोबाइलचं स्टॉपवॉच चालतं, पण ते थांबवायचं कधी यावर घरात एकमत होत नाही. बायको लोगो दिसला की थांबवते, मुलगा पासवर्ड मागितला की, आणि आपण ज्या कामासाठी बसलो ते क्रोम उघडेपर्यंत थांबवतच नाही. त्यापेक्षा कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडावा आणि स्टार्टअपच्या पानावर उजव्या कोपऱ्यात वर पाहावं. तिथे ‘लास्ट बायॉस टाइम’ असा एक बारीक, अबोल आकडा असतो. फार जुन्या पद्धतीच्या बायॉसवर तो दिसत नाही, बाकीच्यांनी तो पाहिल्याशिवाय कोणाविषयी वाईट बोलू नये.

कारण हा आकडा पाच-दहा सेकंदांऐवजी तीस-चाळीस असेल, तर तेवढा वेळ विंडोज सुरूच झालेलं नव्हतं. मदरबोर्ड एकटाच दाराशी उभा होता. मागच्या यूएसबीत दिवाळीपासून विसरलेल्या पेन ड्राइव्हवरून सुरू होता येतं का, नेटवर्कवरून येतं का, शेवटच्या घटका मोजणारी जुनी हार्डडिस्क उत्तर देते का, याची तो चौकशी करत बसतो. एसएसडीला तोवर कोणी हाकही मारलेली नसते. उपाय : पेन ड्राइव्ह काढा, बायॉसमध्ये जाऊन सुरुवातीच्या क्रमात एसएसडीला पहिला नंबर द्या, मरणपंथाला लागलेल्या डिस्कवरच्या फाइली काढून घेऊन तिला निरोप द्या.

यापुढचा टप्पा नाजूक आहे. तो शक्यतो भाच्याकडून करून घ्यावा. संगणकातलं कळणारा एक भाचा प्रत्येक कुटुंबात असतो. तो येतो, चहा नको म्हणतो, टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स पानावर जातो आणि गप्प होतो.

“मामा, सी ड्राइव्हपुढे एचडीडी लिहिलंय.”

“मग?”

“मग विंडोज अजून जुन्याच डिस्कवर आहे.”

“अरे, पण एसएसडी टाकलीय ना त्याने! बिल आहे माझ्याकडे.”

“टाकलीय की. डी ड्राइव्ह आहे ती. तिच्यात तुमच्या लग्नाचे फोटो आहेत.”

हा प्रकार वाटतो त्याहून जास्त घरांत सापडतो. एसएसडी बसवणं आणि विंडोज तिच्यावर हलवणं ही दोन कामं आहेत, आणि बिलावर पहिलंच लिहिलेलं असतं. फरक किती पडतो? सुरू होताना विंडोज हजारो लहान-लहान फाइली इकडून तिकडून वाचतं. फिरत्या डिस्कचं डोकं दर वेळी जागेवर पोचायला साधारण दहा मिलिसेकंद घेतं, म्हणजे सेकंदाला शंभरेक वाचनं. साधी साटा एसएसडीसुद्धा याच कामात हजारोंच्या घरात जाते. लग्नाचे फोटो मात्र दोन्हीकडून सारखेच दिसतात.

समजा विंडोज एसएसडीवरच आहे आणि बायॉसही निर्दोष आहे. मग स्टार्टअपची यादी वाचावी, आणि ती मोठ्याने वाचावी, म्हणजे घरच्यांनाही कळेल. एसएसडीची गत इथे मुहूर्तावर बोहल्यावर उभ्या राहिलेल्या नवरदेवासारखी असते : तो तयार आहे, भटजी तयार आहेत, पण प्रत्येक आत्याला आणि मावशीला स्वतः रचलेलं एकेक मंगलाष्टक म्हणायचंच आहे. प्रिंटरचा मदतनीस, पीडीएफचा अपडेटर, लॉकडाउनात एकदाच वापरलेलं मीटिंगचं ॲप, गाण्यांचं ॲप, गेमचं दुकान, मोबाइल जोडायचा प्रोग्राम (तो मोबाइल केव्हाच विकला) हे सगळे माइक धरून उभे. शेजारच्या ‘इम्पॅक्ट’ रकान्यात ज्यांच्यापुढे ‘हाय’ लिहिलं असेल त्यांच्यापासून सुरुवात करून एकेकाला ‘डिसेबल’ करावं. प्रोग्राम पुसला जात नाही, फक्त न बोलावता येणं बंद होतं. अँटिव्हायरस एकच ठेवावा. दुकानदाराने दिलेला एक आणि मेहुण्याने सुचवलेला एक असे दोन असतील, तर ते प्रत्येक फाइल दोनदा तपासतात आणि उरलेल्या वेळात एकमेकांवर संशय घेतात.

यादी लहान करूनही गाडं अडत असेल तर विंडोजचा रोजनामचा उघडावा. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘डायग्नॉस्टिक्स-परफॉर्मन्स’ नावाची वही असते. तिच्यातली 100 क्रमांकाची नोंद सुरू व्हायला किती मिलिसेकंद लागले ते सांगते. 101 उशीर करणाऱ्या प्रोग्रामचं नाव घेते, 102 ड्रायव्हरचं, 103 सेवेचं. नावानिशी चुगली करणारी इतकी प्रामाणिक वही दुसऱ्या कुठल्या कार्यालयात मिळायची नाही.

एक गैरसमज इथेच दूर करायला हवा. रोज रात्री नेमाने शट डाउन करणारे सज्जन समजतात की आपला संगणक रोज नव्याने जन्म घेतो. 2012 साली आलेल्या विंडोज 8 पासून ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असेल तर तसं होत नाही. शट डाउन करताना विंडोज आपला गाभा आणि ड्रायव्हर जसेच्या तसे डिस्कवर लिहून ठेवतं आणि सकाळी तेच परत उचलतं. परफॉर्मन्सच्या पानावरचा ‘अप टाइम’ पाहिला तर रोज झोपणारा संगणक महिनाभर जागा असल्याचं दिसेल. एखादा ड्रायव्हर बिघडला असेल तर तोही रोज तसाच्या तसा उचलला जातो. खरी झोप हवी असेल तर रीस्टार्ट करावं, किंवा शिफ्ट दाबून धरून शट डाउन करावं. पॉवरच्या सेटिंगमध्ये जाऊन फास्ट स्टार्टअप बंद करून पाहायलाही हरकत नाही. एसएसडीवर त्याने फार तर थोड्या सेकंदांचा फरक पडतो.

लिनक्सवाल्यांना मार्गदर्शन करायची पद्धत नाही. ते आपल्याला करतात. तरी दीड मिनिटाची मोजणी पडद्यावर रोज दिसत असेल, तर काढून टाकलेल्या एखाद्या स्वॅप पार्टिशनचं नाव एफएसटॅबमध्ये राहिलंय का ते पाहावं. नव्वद सेकंद संगणक तिचीच वाट पाहत असतो.

एसएसडीचा स्वतःचा दोष अगदी शेवटी. ती काठोकाठ भरली असेल तर दहा-पंधरा टक्के जागा मोकळी करावी. क्रिस्टलडिस्कइन्फोसारख्या फुकट प्रोग्रामने तिची प्रकृती तपासावी. तिथे ‘बॅड’ दिसलं तर वेगाचा विषय सोडून आधी फाइलींची प्रत दुसरीकडे काढावी. एसएसडी जाते तेव्हा जुन्या डिस्कसारखी कुरकुर करून सूचना देईलच असं नाही.

इतकं करूनही दुकानात जायची वेळ आलीच, तर तिथे एकच वाक्य ऐकू येईल : ‘फॉरमॅट मारावा लागेल.’ फॉरमॅटने संगणक पळतो यात शंका नाही, कारण तुम्ही त्यात ठेवलेलं काहीच उरत नाही. म्हणून जाताना बायॉसचा आकडा, 100 नंबरच्या नोंदीतला आकडा आणि सी ड्राइव्ह कोणत्या डिस्कवर आहे ते, असं सगळं कागदावर लिहून न्या. आणि फोटोंची प्रत घरी काढून ठेवल्याशिवाय डबा दुकानदाराच्या हातात देऊ नका.