वनवासाचा सरंजाम

ज्या पंचवटीत पित्याच्या वचनाखातर वनवास पत्करलेल्या पुत्रांनी पर्णकुटी बांधली, त्याच नाशकातील आजचे पितृवर्य, मुलांना निसर्गसान्निध्य लाभावे या उदात्त हेतूने, 1926 साली पुऱ्या झालेल्या भंडारदरा धरणाच्या काठी तंबू भाड्याने घेतात आणि गादी, पंखा व मोबाइलच्या चार्जिंगचा चोख बंदोबस्त असल्याची खातरजमा केल्यावाचून पाऊल हलवीत नाहीत. दशरथाला बिचाऱ्याला ही तजवीज सुचली नाही. मेअखेरीस, पावसाच्या तोंडावर, तेथील हिरडा-बेहड्यांवर काजवे लुकलुकू लागतात; परंतु चिरंजीवांना ते नीट दिसावेत म्हणून तीर्थरूप झाडावर विजेरीचा प्रखर झोत टाकतात आणि झाड तत्काळ काळवंडते. पालकवर्गास नम्र अर्ज एवढाच, की निदान विजेरी तरी घरी ठेवावी.