नाकाला रुमाल

काही वर्षांपूर्वी एका इंग्रजी कथेचं भाषांतर करताना मी एका ‘नॉइसम’ गल्लीची बेधडक ‘गोंगाटाची गल्ली’ करून टाकली. नॉइज म्हणजे आवाज, त्याचंच हे भावंड. त्यात कोश कशाला बघायचा? मुद्रितं परत आली तेव्हा तपासणाऱ्या बाईंनी समासात पेन्सिलीने बारीक अक्षरात विचारलं होतं, “गोंगाट आहे, तर माणसं नाकाला रुमाल का लावताहेत?”

मुकाट्याने कोश उघडला. नॉइसम म्हणजे घाण वासाचा. नॉइजशी काडीचं नातं नाही. ‘अनॉय’ म्हणजे त्रास देणं; त्यातला ‘अ’ गळून राहिलेलं ‘नॉय’ आणि त्याला ‘सम’ची शेपटी. खाली लॅटिन खणलं तर निघतो तिटकारा. आधी या शब्दाचा अर्थ नुसता अपायकारक असा होता. १६११च्या इंग्रजी बायबलात तो रोगराईला लावलाय. वास मागाहून चिकटला, आणि त्यात नवल नाही. एकोणिसाव्या शतकातही दूषित हवेनेच रोग होतात असं भलेभले डॉक्टर मानत. १८५८च्या उन्हाळ्यात थेम्स अशी काही घाण मारू लागली, की पार्लमेंटचे पडदे चुन्याच्या क्लोराइडमध्ये भिजवून टांगावे लागले. त्या खासदारांना घाण वेगळी आणि अपाय वेगळा, हे कोण पटवणार?

खरी गंमत नॉइजची. बऱ्याच कोशांच्या मते त्याचं मूळ ‘नॉशिया’, म्हणजे मळमळ. तीही बोट लागल्याची, कारण ग्रीकमध्ये ‘नाउस’ म्हणजे जहाज. कानाचा शब्द निघाला पोटातून!

हसायला आपण तरी कुठले मोठे? संस्कृतातलं ‘घ्राण’ म्हणजे नाक किंवा नुसतं हुंगणं. आपण त्याची ‘घाण’ केली. ‘दर्प’ म्हणजे गर्व, तो आपल्याकडे घामाला येतो. ‘वास’ बिचारा तटस्थ, पण “कसला गं वास येतोय?” असं कुणी विचारलं की समजावं, दूध करपलं.

परवा सोमवारी पिशवीच्या तळाशी शुक्रवारचा डबा सापडला. मटकीची उसळ. झाकण फुगलेलं. कडेला अंगठा लावला, तर आधी ‘फस्स’ असा आवाज आला आणि मागोमाग तो आंबूस भपकारा. तेवढ्या क्षणापुरतं माझं भाषांतर बरोबर होतं.