अहवाल आधी, सप्ताह नंतर

प्राथमिक शिक्षकाला दोन ठिकाणी नोकरी करावी लागते. एक वर्गात, दुसरी अहवालात. वर्गात पोरं पळतात, पडतात, डबा सांडतात आणि शाईचं बोट शेजाऱ्याच्या शर्टाला पुसतात. अहवालात 'चिमुकले' असतात आणि ते फक्त उत्स्फूर्त प्रतिसाद देतात. वर्गात कार्यक्रम कसाबसा उरकतो, अहवालात तो संपन्न होतो. पाहुणे वर्गात दीड तास उशिरा येतात, अहवालात ते लाभतात.

यातल्या पहिल्या नोकरीत माझं बरं चाललंय एवढंच म्हणता येईल. दुसरीत मात्र माझा हात धरणारा उभ्या इगतपुरी तालुक्यात नाही. आमची शाळा पहिली ते चौथी, शिक्षक दोन. मी आणि आमच्या मॅडम. सेवाज्येष्ठतेमुळे मुख्याध्यापकपद माझ्याकडे आलं आणि स्वभावामुळे काम मॅडमकडे गेलं.

अशात पत्र आलं. नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाला केंद्रीय मंत्रिमंडळाने 29 जुलै 2020 रोजी मंजुरी दिली होती. त्याला चार वर्षं होत असल्याने 22 ते 28 जुलै 2024 या काळात देशभरातल्या शाळांनी 'शिक्षण सप्ताह' साजरा करायचा होता. सोमवारी शैक्षणिक साहित्य, मंगळवारी साक्षरता आणि संख्याज्ञान, बुधवारी देशी खेळ, गुरुवारी संस्कृती, शुक्रवारी कौशल्यं आणि डिजिटल उपक्रम, शनिवारी पर्यावरण आणि पोषण, रविवारी समुदायाचा सहभाग. आठवड्याला सात वार असतात ही गोष्ट इतक्या गांभीर्याने कोणी घेतल्याचं मी पहिल्यांदाच पाहत होतो.

आदल्या रविवारी गुरुपौर्णिमा होती. माजी विद्यार्थ्यांचे फोन येतील म्हणून मी सकाळपासून मोबाइल जवळ घेऊन बसलो होतो. गॅस एजन्सीचा मेसेज तेवढा आला. रिकामं बसवेना, म्हणून सातही दिवसांचे अहवाल लिहून टाकले. पटसंख्या सत्तावीस, उपस्थितीच्या जागा कोऱ्या. बाकी सगळं तयार: प्रतिमापूजन, प्रास्ताविक, आभार, 'परिसरात सर्वत्र कौतुक होत आहे'. आपल्याकडे आहे ते चार जणांना द्यावं, या वृत्तीने आमच्या केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातल्या, शिक्षकमित्रांनाही 'नमुना' म्हणून ते पाठवले. आता फक्त आठवडा घडायचा राहिला होता.

सोमवारी मॅडमना अहवाल दाखवले. त्यांनी शांतपणे वाचले.

"सर, बुधवारी तुम्ही लिहिलंय, 'मुख्याध्यापकांनी स्वतः मैदानात उतरून लगोरीतील बारकावे समजावून दिले.' तुम्हाला लगोरी येते?"

"अहवालात येते," मी म्हणालो.

पहिल्या दिवसासाठी मी घरी पुठ्ठ्याचं सुंदर घड्याळ बनवलं होतं. नाशिकहून निघताना ते मोटारसायकलला मागे बांधलं. घोटी येईपर्यंत पावसाने काटे गळाले, आकडे ओघळले. शाळेत पोचलो तेव्हा घड्याळाचे शब्दशः बारा वाजले होते.

पोरांनी आपापलं साहित्य आणलं होतं. कोणी चिंचोके, कोणी बाटल्यांची झाकणं. चौथीतल्या एका मुलीने ॲल्युमिनियमची किटली आणली होती. आत जिवंत खेकडे.

"सर, खेकड्याला पाय किती?"

"आठ," मी आत्मविश्वासाने म्हणालो.

"दहा. नांग्या धरून दहा. म्हंजे एक खेकडा एक दशक."

काड्यांचे गठ्ठे बांधून मी महिनाभर दशक शिकवत होतो. तिने ते अर्ध्या मिनिटात शिकवलं. तीन खेकडे म्हणजे तीस, हे पहिलीतल्या पोरानेही सांगितलं. एका खेकड्याची नांगी तुटलेली निघाली. तिसरीतला एकजण लगेच म्हणाला, "ह्याचा एक सुट्टा पडला. एकोणतीस." वजाबाकीचा पाठ आपला आपण सुरू झाला. तेवढ्यात एक दशक किटलीतून उतरून माझ्या चपलेच्या दिशेने निघालं. तासाचा उरलेला भाग मी खुर्चीवर उभं राहून घेतला. उंचावरून वर्ग अधिक चांगला दिसतो, असं मी पोरांना सांगितलं. ती माझ्याकडे न बघता खेकडा पकडण्यात गुंतली होती. अहवालात मी लिहिलं होतं, 'परिसरात सहज उपलब्ध साहित्यातून अध्ययन'. पहिल्या दिवशी तरी अहवाल खरा ठरला.

मंगळवारी साक्षरता आणि संख्याज्ञान. तिसरीच्या अखेरीस प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं आणि साधे हिशेब जमावेत, हे 2021 मध्ये सुरू झालेल्या निपुण भारत अभियानाचं उद्दिष्ट. मुदत 2026-27 ची. शिवाय त्या दिवशी 23 जुलै, म्हणजे लोकमान्य टिळकांची जयंती. दोन्ही एकत्र साधायचं मला सुचलं. घोटीच्या बाजारातून पिशवीभर भुईमुगाच्या शेंगा आणल्या. प्रत्येकाला वीस. "पाच वेगळ्या काढा. उरल्या किती?"

पहिलीतल्या मुलाने पाच वेगळ्या काढल्या, खाल्ल्या आणि "पंधरा" म्हणाला. उत्तर बरोबर असल्याने मला काही बोलता येईना. पुढच्या उदाहरणाला त्याने आणखी पाच काढल्या. बाकीच्यांनी पद्धत समजून घेतली. अर्ध्या तासात साऱ्या वर्गाचं उत्तर शून्य आलं.

मग भाषणं झाली. तिसरीतल्या मुलाने शेंगा आणि टरफलांची गोष्ट दरवर्षीप्रमाणे हातवारे करून सांगितली. टाळ्या झाल्या. मी म्हणालो, "छान. आता चला, टरफलं उचला."

कोणी हललं नाही. वक्ता हाताची घडी घालून उभा राहिला. "सर, आम्ही शेंगा खाल्ल्या नाहीत. मोजल्या."

महापुरुषांचे विचार आचरणात आणावेत, हे वाक्य माझ्या अहवालात होतंच. मॅडमनी खराटा माझ्याकडे सरकवला.

बुधवारी मैदान नव्हतं. पावसाने ते नेलं होतं आणि त्या जागी चिखल ठेवला होता. पण बॅनर छापलेला होता, तो व्हरांड्याच्या दोन खांबांना बांधला. फोटो काढताना चौकटीत बॅनर हवाच आणि फोटोवर ठिकाण, तारीख, वेळ उमटवणारं ॲप हवं, अशी सूचना होती. मोबाइल चौथीतल्या एका मुलाकडे दिला आणि बारकावे समजावून देण्यासाठी मी मैदानात उतरलो.

लगोरीत सात ठिकऱ्या असतात, त्या चेंडूने पाडायच्या आणि बाद होण्याआधी पुन्हा रचायच्या. माझा चेंडू ठिकऱ्यांच्या बराच डावीकडून गेला. "सरांचा नेम लागला!" असं ओरडून पोरांनी माझी लाज राखायला स्वतःच ठिकऱ्या पाडल्या. त्या रचायला मी धावलो. पहिली ठिकरी हातात आली आणि दोन्ही पाय माझ्या परवानगीशिवाय पुढे निघून गेले.

छायाचित्रकार तयारीचा होता. मी आडवा, एक चप्पल हवेत, हातात ठिकरी, मागे बॅनर. खाली अक्षांश, रेखांश, तारीख, वेळ 11 वाजून 42 मिनिटं. मुख्याध्यापक नेमके कुठे आणि कधी पडले याबद्दल यापुढे कोणाला शंका घ्यायला जागा नाही. त्या मुलाचं कौशल्य एवढ्यावर थांबलं नाही. मी पाय धुऊन येईपर्यंत त्याने तो फोटो केंद्राच्या ग्रुपवर टाकला होता. खाली सव्वीस अंगठे आले. एका ज्येष्ठ शिक्षकांनी लिहिलं, 'कृतियुक्त अध्यापन.'

गुरुवारी वीज गेली. अहवालातलं 'रेकॉर्ड डान्सने उपस्थितांची मने जिंकली' हे वाक्य वाया गेलं. मुलींनी फुगड्या घातल्या, मुलांनी पोषण आहाराचा रिकामा डबा बडवला. तो इतका ताला-सुरात बडवला की खिचडी शिजवणाऱ्या मावशींनी पळी खाली ठेवून फेर धरला. खिचडी खाली लागली. संस्कृती टिकली.

शुक्रवारी कौशल्य दिवस, आणि शाळेत पोरं नऊ. बाकीची आवणीला. आमच्याकडे जुलैमध्ये भाताची रोपं राबातून उपटून चिखलणी केलेल्या खाचरात लावतात. त्या दिवसांत घरातला प्रत्येक हात शेतात लागतो. 'कुशल मनुष्यबळ घडवणारा दिवस' असा मथळा तयार होता आणि मनुष्यबळ गैरहजर. मी त्यांना आणायला निघालो. समोर कळसूबाईचं 1646 मीटरचं शिखर ढगात गडप होतं आणि खाली खाचरात माझी तिसरी-चौथी कमरेत वाकून ओळीने मागे सरकत होती. दोन-तीन रोपांची चूड, अंगठ्याने चिखलात दाब, पुढची चूड. पाढे म्हणताना अडखळणारा पोरगा इथे अंतरात बोटभराचीही चूक करत नव्हता.

"शाळेत चला," मी बांधावरून म्हणालो.

"सर, एवढं खाचर झालं की येतो. तुम्ही लावा की, लवकर होईल."

पँट दुमडून मी उतरलो. माझी ओळ सुरुवातीला सरळ होती. मग ती वळली आणि शेजारच्या मुलीच्या ओळीला जाऊन मिळाली. मागे वळून पाहिलं तर माझी रोपं एकेक करून पाण्यावर तरंगत होती. एक आजी काही न बोलता मागून येऊन ती पुन्हा लावत होत्या. शेवटी म्हणाल्या, "मास्तर, तुम्ही बांधावर बसा. तुमचं दुबार पडतंय."

बसायला वळलो आणि खिशातला मोबाइल खाचरात गेला. पोरांनी तो तत्परतेने शोधून दिला. सुकवण्यासाठी शाळेत नेऊन पोषण आहाराच्या तांदळात पुरून ठेवला. त्या दिवशीचा डिजिटल उपक्रम तो एवढाच.

शनिवारी आईच्या नावाने झाड. जून 2024 मध्येच ही मोहीम सुरू झाली होती आणि वन विभागाच्या रोपवाटिकेतून रोपं आली होती. दोघे भाऊ भांडू लागले. आई एक, झाडं दोन, मग खरी आई कोणती? मॅडमनी एक झाड आजीच्या नावे करून तंटा मिटवला. एक मुलगी रोप हातात धरून विचारात पडली होती. "सर, आईचं नाव दिलं आणि शेळीनं खाल्लं, तर आई मला काय करंल?" सप्ताहाच्या सूचनापत्रात याचं उत्तर नव्हतं. आम्ही सगळ्यांनी मिळून आधी काटेरी कुंपण केलं.

मीही माझ्या आईच्या नावे एक रोप लावलं आणि मॅडमच्या मोबाइलवरून घरी फोटो पाठवला. लगेच आईचा फोन. "ते कडुनिंब आहे का रे?"

"हो. औषधी असतं."

"माझ्या नावानं कडुनिंबच सापडला तुला? सुनबाईनं सुचवलं का?"

त्या संध्याकाळी घरात पर्यावरणाचा समतोल काही राहिला नाही.

रविवारी गाव शाळेत आलं. सकाळीच एका आजोबांनी विचारलं, "काल्याच्या कीर्तनाला महाराज कोण?" सप्ताह म्हटल्यावर त्यांचा हिशेब सरळ होता. कीर्तन नाही पण तिथी भोजन आहे, हे कळल्यावर ते म्हणाले, "मंग चालतंय." पोरांसाठी पुरी-भाजी आणि शिरा ठरला होता. गावाने भरीला भाकरी, ठेचा आणि गुळाच्या गोड पोळ्या आणल्या. मी 'शिक्षण आणि समाज' या विषयावर चार पानं आणली होती. दुसऱ्या पानावर असताना छताचं पाणी थेट कागदावर पडू लागलं.

"गुरुजी, हे कधीपासून गळतंय?" एकाने विचारलं.

"गेल्या पावसाळ्यापासून. पाठपुरावा चालू आहे."

तो उठला. त्याच्यामागे दोघे उठले. कोणी शिडी आणली, कोणी घरच्या गोठ्यावरची ताडपत्री. वर तीन माणसं पत्रे ठोकत होती, खाली मी भाषण करत होतो आणि ठोकण्याच्या आवाजात एक अक्षरही कोणाला ऐकू जात नव्हतं. कार्यक्रम रंगला. पंगतीत माझ्या पानाशी चौथीतली ती मुलगी झाकलेलं भांडं घेऊन आली. आखाड चालू होता, श्रावणाला अजून आठवडा होता. तिने हळूच विचारलं, "सर, आईनं दिलंय. एक दशक वाढू का?"

संध्याकाळी मी उपस्थितीचे आकडे भरले आणि सातही अहवाल पाठवून दिले. रात्री फोन आला. केंद्रभराचे अहवाल एकत्र करणारे गृहस्थ होते.

"सर, हाच अहवाल माझ्याकडे आधी सहा शाळांकडून आलाय. एकाने तर तुमच्या शाळेचं नावही तसंच ठेवलंय. निदान तुम्ही तरी दुसऱ्याचा उचलू नका हो. स्वतःचा लिहा."

मी बारा वाजेपर्यंत बसून स्वतःचा लिहिला. खेकडे, टरफलं, डब्याचा ताल, दुबार पेरणीचा मास्तर, दोन झाडांचे भाऊ, ताडपत्री. विशेषण एकही नाही. सकाळी शाळेत मॅडमना वाचून दाखवला. वीस वर्षांत पहिल्यांदा त्या माझ्या अहवालाला हसल्या आणि चांगलं म्हणाल्या. तो पाठवला आणि दुपारी पुन्हा फोन.

"सर, हे कुठे असं घडतं का? खरं वाटेल असं लिहायचं असतं. खेकडे काढा. शेंगांचं काढा. पोरं शेतात होती हे तर आधी काढा. छपरावर माणसं चढवली हे वर कळलं तर माझ्यावर येईल, तेही काढा."

"मग ठेवू काय?"

"चिमुकल्यांनी उत्स्फूर्त प्रतिसाद दिला, एवढं पुरे. आणि तो तुमचा बुधवारचा फोटो मुखपृष्ठावर घेतोय. साऱ्या केंद्रात तेवढ्याच फोटोत बॅनर सरळ आलाय."